फेरतपासणी

साहेब घर बघायला येणार म्हटल्यावर तिने घर घासूनपुसून, चुना मारून लख्ख केलं आणि तिथेच सगळं फसलं.

घर म्हणजे मिठागराच्या वस्तीतली एक खोली. खाऱ्या वाऱ्याने भिंतींना पोपडे आलेले. वर्षभर कुणाचं लक्ष नसे, पण साहेब येणार म्हटल्यावर तिला प्रत्येक पोपडा आपल्याकडे डोळे वटारून बघतोय असं वाटायला लागलं. कुंचा नव्हता. मग नवऱ्याचा सदरा फाडून तिने काठीला बांधला. तसाही तो मिठाने खाऊन जाळी झाला होता. नवऱ्याचं अंथरूण फाटकं, म्हणून ते गुंडाळून मिठागरावरच्या त्याच्या खोपटात पाठवलं. राहिली खाट.

"तिचे सुंभ बघ, आतड्यासारखे लोंबतायत," सासू दारातून म्हणाली. सासू थोरल्या लेकाकडे, दोन दारं सोडून राहायची, पण डोळे सगळ्या घरांत ठेवून असायची. "साहेबाचा पाय अडकला तर तो पडेल आणि उठून पहिलं तुलाच पलीकडे फेकेल."

खाट गेली घरामागे. तिच्या जागी थोरल्या जावेची खुर्ची आली. कोपऱ्यात मुलीचा झोळणा, चुलीजवळ घासलेली चार भांडी, भिंतीला निळसर चुना. घर असं दिसायला लागलं, की तिचं तिलाच आत पाऊल टाकायला अवघड वाटू लागलं.

वस्तीत तिला पलीकडची म्हणत. खाडीच्या पलीकडची म्हणून. खाडी तरी केवढी! ओहोटीला गुरं चालत यायची. तिच्या लहानपणी पलीकडच्या बायका हंगामात इकडे मीठ वाहायला यायच्या, तिची आईही यायची. पुढे कुणीतरी कुठेतरी ठरवलं आणि खाडीच्या मधोमध खांब उभे राहिले. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. खांब उभे राहण्याआधी शेवटचं जे लग्न जुळलं, ते तिचं.

कायदा असा, की पलीकडून आलेल्या बाईने इथल्या माणसाशी ठरावीक वर्षं संसार केला तर तिला इथलं नागरिकत्व मिळावं. मात्र संसार केला हे सिद्ध व्हायला हवं. नाही झालं, तर राहायचा परवाना संपला की परत. आणि मुलगी बापाच्या हक्काने इथली. ती इथेच राहणार. मुलीला आता कुठे पुढचे दोन दात आले होते, ते लावून ती आईचा खांदा चावायची. अर्ज दिला त्या दिवसापासून, मुलगी चावली की ती खांदा सोडवून घेत नसे.

साहेब आला. चष्मा, छत्री, काखेत फाईल. जावेच्या खुर्चीवर बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने खोलीभर नजर फिरवली आणि नजर फिरायला खोलीत होतंच काय!

"नवरा इथेच राहतो?"

"हो साहेब."

"झोपतो कुठे?"

ती घोटाळली. हंगामात पुरुष घरी झोपतच नसत. भरतीचं पाणी कधी बांध फोडेल याचा नेम नाही. बांध फुटला की महिनाभर तापवलेलं मीठ घटकेत विरघळून परत समुद्राला मिळतं. म्हणून हंगामाचे महिने प्रत्येक पुरुष आपापल्या वाफ्यांशेजारी खोपटात राहायचा. तिकडे गोडं पाणी नाही, म्हणून बायकापोरं वस्तीत. पहाटे बायका मीठ वाहायला जायच्या, उन्हं चढली की परत. पिढ्यान्‌पिढ्या हेच. यात सांगण्यासारखं काही असतं हे तिला सुचलंच नाही.

"मिठागरावर," ती म्हणाली.

"मग इथे राहतो असं कसं म्हणता? बरं, त्याचे कपडे?"

एक सदरा त्याच्या अंगावर होता. दुसरा काठीला बांधून चुन्यात बुचकळलेला, घरामागे पडला होता.

"त्याची चप्पल? ताट? दाढीचं सामान? काहीतरी असेल की."

ती खोलीभर फिरली. फडताळ उघडलं, बंद केलं. मडक्यामागे हात घातला. आपल्या घरात आपणच चोरासारखं शोधायचं, आणि तेही सापडत नाही! शेवटी तिने झोळण्यातून मुलीला उचललं आणि साहेबापुढे धरलं. "ही आहे ना. नाक बघा, बापाचंच."

"मूल म्हणजे एकत्र राहण्याचा पुरावा नव्हे, बाई," साहेब म्हणाला. तो रागाने बोलला नाही, तिला वाईट त्याचंच वाटलं. घोटभर पाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.

तिथून तो मिठागरावर गेला. तिचा नवरा घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होता. त्याला सगळे मुका म्हणत. तो मुका नव्हता, बोलायचा नाही इतकंच. साहेबाने बांधावरूनच विचारलं. बायकोला खायला काय आवडतं? सासूचं नाव काय, बायकोच्या आईचं? बायकोच्या अंगावर कुठे खूण, व्रण? मुका प्रत्येक प्रश्नाला फळी थांबवायचा, विचार करायचा, आणि "ठाऊक नाही" म्हणून पुन्हा ओढायला लागायचा. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. खरं तरी कुठे फारसं जमायचं!

पुढच्या पंधरवड्यात कचेरीतून उत्तर आलं. पतिपत्नी एकत्र राहत असल्याचं दिसून आलं नाही. फेरतपासणी होईल, आगाऊ न कळवता.

सासूने ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तुला घर दाखवायला सांगितलं होतं. तू भिंती दाखवल्यास!"

"खाट तुम्हीच काढायला लावलीत, आई."

"मी म्हातारी. माझं ऐकायचं असतं का कधी?"

कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून एक म्हातारा लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. ती मुलीला कडेवर घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण दातात धरून विचार केला.

"नवऱ्याला घरी झोपायला आणता येईल?"

"बांध कोण राखणार?"

"मग घराचं सोड. आता ते तुम्हाला वेगवेगळं उभं करून विचारतील. तुझी आणि त्याची उत्तरं जुळली पाहिजेत. एकमेकांबद्दलचं सगळं पाठ करा. पोरं परीक्षेला करतात तसं." मग तिच्याकडे बघून, जरा मऊ होत म्हणाला, "चार वर्षं झाली ना लग्नाला? मग यात पाठ करण्यासारखं असं कितीसं असणार!"

परतीच्या वाटेवर ती मनातल्या मनात धुंडाळत राहिली. त्याला चहा बिनसाखरेचा लागतो. झोपेत तो दात खातो. आणखी? हंगामात तो खोपटात, पावसाळ्यात शहराच्या बांधकामांवर. मधले जे दिवस घरी असायचा, तेव्हा तो दमलेला, ती दमलेली. वाढलेलं तो मुकाट जेवायचा, ती मुकाट वाढायची. चांगला नवरा मिळाला असं सगळ्या म्हणायच्या. मारत नाही, पीत नाही. तीही म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती टोपली घेऊन वाफ्यावर उतरली. मिठाचं काम असं, की पुरुष फळीने मीठ ओढून कडेला ढीग लावतो, बाई ते टोपलीत भरून बांधावरच्या राशीवर नेऊन ओतते आणि परत येते. डोक्यावरून ओलं मीठ गळत असतं. मानेवरून, पाठीवरून त्याचे ओघळ खाली जातात आणि कुठे ओरखडा असला तर तिथे थांबून आपली ओळख देतात. पायाच्या भेगांचं तर विचारूच नये.

"अहो," ती टोपली भरता भरता म्हणाली, "अर्ज लिहिणारा म्हणत होता, पाठ करा."

"काय?"

"एकमेकांना."

मुक्याने फळीवरची पकड बदलली. ती राशीवर जाऊन परत आली तरी तो गप्पच. तिने पुन्हा भरायला घेतलं, तेव्हा तो घसा खाकरून म्हणाला, "काय आवडतं तुला? खायला?"

तिला हसूच आलं. हसू आवरून म्हणाली, "तळाचा करपलेला भात."

तो फळी थांबवून बघत राहिला. "मला वाटायचं, चांगला मला मिळावा म्हणून तू तो घेतेस."

"तेही आहे. पण आवडतोसुद्धा."

दर खेपेला एक प्रश्न, असं मग पडूनच गेलं. टोपली भरेपर्यंत उत्तर, राशीवर जाऊन येईपर्यंत त्याचं मनात घोकणं. आईचं नाव तिने सांगितलं, तो ते ओठांत पुटपुटत मीठ ओढत राहिला. तिच्या आईचं नाव इकडच्या तीरावर कुणीतरी घेतंय, हे ऐकून तिने खाडीकडे मान वळवली. पलीकडे सकाळच्या चुलींचा धूर दिसायचा. त्यातला कुठला धूर आपल्या घरचा, हे तिला रोज ओळखायची सवय होती. त्या दिवशी तिने तो बोट करून त्याला दाखवला. "त्या दोन उंच झाडांच्या डावीकडचा." "दोन झाडांच्या डावीकडचा," तो म्हणाला.

गुडघ्यावरचा व्रण शिंपल्याचा. लहानपणी विहिरीत पडली होती, तेव्हापासून वाकून पाणी काढताना डोळे मिटते. डावखुरी आहे, पण सासूसमोर उजव्या हाताने जेवते.

मग तीही विचारू लागली. तेही पाठ करायचं होतं ना!

"तुम्ही बोलत का नाही?"

"आमच्याकडे ते काम आईकडे आहे."

टोपली डोक्यावर असताना हसू नये, मीठ डोळ्यांत जातं. तिच्या गेलं. बांधावरून जाणारा मुकादम ओरडला, "अरे, मुक्याला वाचा फुटली! पलीकडचे, काय खायला घातलंस ह्याला?" बाकीच्या बायका खिदळल्या. मुका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, पण पुढच्या खेपेला त्याने विचारलंच, "तुला गाता येतं?"

"तुमचे बाबा कसे गेले?" तिने एकदा विचारलं. "साहेब विचारील म्हणून."

त्याने बराच वेळ फळी चालवली. ती राशीवर जाऊन आली, पुन्हा जाऊन आली.

"उधाण होतं. बांध फुटायला आला तेव्हा पाठ लावून उभे राहिले," तो म्हणाला. "सकाळी बांध होता."

ती टोपली न भरताच उभी राहिली. त्याच्या हाताला हात लावावा असं तिला वाटलं. पण दोघांचेही हात मिठाने चिरलेले, आणि बांधावर मुकादम.

पहाटे निघताना ती आता केस विंचरायला लागली. मिठाच्या टोपलीखाली विंचरलेले केस कोण बघणार? सासूने बघितले. "काय गं, साहेबाला दाखवायला का?" ती मुलीला सासूच्या मांडीवर देऊन, जरा लवकरच निघाली. वाटेत चालता चालता आज तो काय विचारील याचा अंदाज बांधायची. त्याने विचारावं अशा गोष्टी आठवून ठेवायची. एवढ्या वर्षांत कुणालाच न सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी तिच्यात किती साठून राहिल्या होत्या, हे तिचं तिलाच नवल होतं.

एक दिवस त्याने विचारलं, "काय आवडतं तुला? खायला?"

"सांगितलं ना. करपलेला भात."

"हां. करपलेला भात. तळाचा," तो डोळे मिटून म्हणाला. "आईचं नाव," आणि तेही म्हणाला. "गुडघा, शिंपला. विहीर. डावखुरी." एकेका शब्दाला फळीचा एकेक ओढा. काही विसरलं नाही याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ती टोपली घेऊन निघाली. राशीपर्यंतची वाट तीच, पण त्या खेपेला ओझं मानेत बसलं. त्याचं काय चुकलं? तो आपल्याला इथे ठेवायलाच धडपडतोय. हे तिला पुरतं समजत होतं. तरी राशीवर मीठ ओतताना डोळ्यांत पाणी आलं. मिठागरावर डोळे पुसलेले कुणाला वेगळे दिसत नाहीत, एवढं बरं.

साहेब आला तो थेट मिठागरावरच आला. या वेळी छत्री नव्हती, ऊन रणरणत होतं. त्याने तिला राशीच्या एका अंगाला उभं केलं, मुक्याला दुसऱ्या. मधे माणूसभर उंच मीठ. आधी तिला विचारलं, मग पलीकडे जाऊन त्याला. तिला त्याचा आवाज मिठातून आल्यासारखा ऐकू येत होता. करपलेला भात. शिंपला. दोन उंच झाडांच्या डावीकडे. मुका अडखळत नव्हता. धडा म्हणावा तसा सरळ म्हणून मोकळा होत होता, आणि एवढं गुळगुळीत ऐकून साहेबाला शंका यायला लागली असावी. तो थांबला.

"तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?"

हे त्यांनी पाठ केलंच नव्हतं. ती राशीमागे श्वास धरून उभी राहिली. मुलीचे दोन दात खांद्यात रुतल्याचा भास झाला तिला. मुलगी घरी होती, तरी.

"भांडायला वेळ कुठे असतो, साहेब," मुका म्हणाला. "ती येते तेव्हा टोपली डोक्यावर. मी घरी असतो तेव्हा दोघंही दमलेली."

साहेब राशीला वळसा घालून तिच्याकडे आला. तोच प्रश्न. तिने ऐकलं होतं, तसंच सांगता आलं असतं. पण तोंडातून वेगळंच आलं.

"भांडण होण्याइतकं बोललोच नाही साहेब आम्ही. आत्ता कुठे बोलायला लागलोय. तेही तुमच्यामुळे."

साहेबाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. खारट वाऱ्याने तो आणखीच मळला. "माझी बायकोही हेच म्हणते," तो म्हणाला, आणि एवढं बोलल्याबद्दल स्वतःवरच रागावल्यासारखा फाईल बंद करून बांधावरून निघून गेला.

मंजुरी आली. कचेरीत शपथ घ्यायला बोलावलं. मुका कोरा सदरा घालून सोबत आला, पण आत फक्त तिला सोडलं. शपथ पुढचा माणूस वाचायचा, मागून ती म्हणायची. एका खिडकीत बसलेल्या बाईने तिचं पलीकडचं कार्ड मागितलं आणि तिला नवं कार्ड दिलं. बाहेर येऊन तिने ते मुक्याच्या हातात ठेवलं. त्याने दोन्ही बाजूंनी बघितलं, फोटोवर फुंकर मारली, परत दिलं. येताना दोघं पुढेमागे चालत आली.

घरी सासूने मुलीच्या गालाला गाल लावत म्हटलं, "आली गं तुझी आई. आता हिला कुणी हलवत नाही." आणि तिच्याकडे न बघता, "भात टाक जास्त. आणि करपव थोडा. मुका सांगत होता, तुला आवडतो म्हणे." ती चुलीपुढे बसली. मुलीने खांद्याला तोंड लावलं. तिने या वेळी हळूच सोडवून घेतलं. आता चावून घ्यायची गरज नव्हती. वस्तीत मात्र तिला पलीकडचीच म्हणत राहिले. एवढ्या वर्षांची सवय.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वाफ्यावर गेली. केस विंचरून. मुका फळी ओढत होता. तिने टोपली भरली, जरा रेंगाळून भरली. तो गप्प. राशीवर जाऊन आली, तो गप्प. ऊन वर आलं, मीठ चमकायला लागलं, बाकीच्या वाफ्यांवर बायकांची बडबड चालू होती. ती जात होती, येत होती. एकदा तिला वाटलं तो घसा खाकरतोय, पण तो थुंकला फक्त.

"काही विचारत नाही," ती शेवटी म्हणाली.

त्याने मान वर केली. खरोखरच नवल वाटलं त्याला. "आता कशाला? झालं की सगळं."

तिने टोपली उचलली. डोक्यावर घेतली. तशीच थोडा वेळ उभी राहिली, ओघळ मानेवरून उतरत होते.

"काल त्या खिडकीतल्या बाईने कार्ड मागितलं ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्या हातातून सुटेना. मी द्यायला म्हणून पुढे केलं, आणि बोटं काही उघडेनात. तिने ओढून घेतलं. मागे माणसं हसली."

मुका जरा विचारात पडला. "आता साहेब काही परत यायचा नाही."

"साहेबासाठी नाही सांगत."

आणि ती निघाली. रास बरीच लांब होती. मीठ ओतलं, टोपली आपटून चिकटलेलं झाडलं, आणि पलीकडे न बघता परत फिरली.

वाफ्यातलं पाणी निवळलं होतं. मुका होता तिथेच उभा होता, फळी हातात, आडवी. तिने खाली वाकून टोपली ठेवली, मीठ भरायला घेतलं.

"मग?" त्याने विचारलं.